उभी की आडवी

३ मे

चिरंजीव आणि चिरहट्टी टिटवीस,

दादाचे आशीर्वाद. त्यांच्या मागोमाग एक तक्रार येते आहे, तिलाही बसायला जागा दे.

काल पाच वाजता तुझं बोलणं मला आलं ते असं, की कुणीतरी गादीत तोंड खुपसून पाढे म्हणतंय. मग तू बोलणं सोडून मोर्सवर आलीस, तेव्हा ठिपके-रेघांतून कळलं की पाणी घसरणीच्या माथ्यापासून अकरा मीटर खाली आहे. जन्मभर वृत्तांचे लघु-गुरू मोजल्यामुळे माझा मोर्स बरा आहे. पण आमच्याकडे दुसऱ्या कुणाला तो कळत नाही, आणि सगळं घोडं तिथेच अडलंय.

सव्वीस वर्षांत मागच्या पाठाची उजळणी केल्याशिवाय मी पुढचा पाठ घेतलेला नाही, तेव्हा तू जांभई देऊन घे. महिन्यापूर्वी डोंगर नदीत उतरला. उतरताना नदीकाठचा रस्ता, टेलिफोनच्या तारा आणि मोबाइलचा टॉवर सोबत घेऊन गेला. त्या घसरणीमागे तळं साठलं, ते रोज मीटरभर चढतंय, आणि पाणी मोजायला तुझ्या खात्यानं तुला वरच्या झोपडीत नेऊन ठेवलं. खात्यानं कबूल केलेला उपग्रहाचा फोन अजून फाइलीतच वाजतोय. राहिलो आपण दोघं हौशी रेडिओवाले, साठ किलोमीटरवर, आणि मध्ये दिवसाआड घाट चढणारा दुधाचा टँकर, जो हे पत्र आणतो आहे. उजळणी संपली.

आता दोष कुणाचा? तुझ्या अँटेनाचा, म्हणजे पर्यायाने तुझा. मधली एक दांडी आणि तिच्यावर पाच काड्या, इथवर आपलं सारखं. पण तुझ्या काड्या जमिनीला समांतर, माझ्या सरळ उभ्या. उभ्या काडीतून निघालेली लहर उभ्याच काडीत सुखानं शिरते. आडव्या काडीच्या वाट्याला तिचा शंभरावा हिस्सा येतो, फार तर. म्हणजे तू तिकडे शंभर जणींच्या घशानं ओरडतेस आणि इथे एकीचं ऐकू येतं. माझी उभी आहे ती ताठ्यानं नव्हे. गावातल्या सगळ्या गस्तीच्या गाड्यांच्या टपावरची काठी उभी असते, त्यांचं मला ऐकावं लागतं. तुला आडवं पडायला काय कारण?

बाबांचं सांगतो. ते अजून खालच्या गल्लीतच आहेत, नदीपासून चाळीस पावलांवर, लेथच्या मागच्या खोलीत. गल्लीतली निम्मी बिऱ्हाडं हलली. बाबा रोज पावणेपाचला चढ चढून माझ्याकडे येतात, तुझ्या वहिनीच्या हातचा चहा घेतात, त्याला नावं ठेवतात, पाच वाजता रेडिओशेजारी बसतात आणि टुकटुक ऐकून सव्वापाचला परत जातात. मी विनवण्या केल्या. ते म्हणाले, ती टुकटुक मला कळत नाही. म्हणजे तू सांगशील ते मी मानायचं, आणि तू माझ्या भल्यासाठी खोटं बोलणारा माणूस आहेस. भोंगा वाजला तरी हलणार नाहीत. अकरा वर्षांपूर्वी खात्यानं भोंगा वाजवून सगळ्यांना शाळेच्या सभागृहात नऊ दिवस फरशीवर झोपवलं, पाणी काही आलं नाही, आणि आई छातीत कफ होऊन तिथेच गेली. "तिला नदीनं नेलं नाही, भोंग्यानं नेलं," हे त्यांचं वाक्य तुला पाठ आहे. पत्रही चालणार नाही. कागदावरचं पाणी शिळं असतं म्हणतात. तुझ्या तोंडून, त्या दिवशीचं त्या दिवशी ऐकतील तरच उठतील.

तेव्हा तुझा आवाज इथे पोचला पाहिजे. अँटेना उभी कर.

तुझा,
दादा

*

५ मे

ति. पंडित दादास,

आशीर्वाद पोचले. तक्रार आधीच पोचली होती, ती आता घरातलीच झाली आहे.

मी आडवी ठेवली त्याला कारण आहे. तुझ्या गावात वेल्डिंग चालतं, मोटारी चालतात, पिठाची गिरणी चालते, आणि या सगळ्यांची खरखर बहुतेक उभीच येते. आडवी अँटेना ती कमी ऐकते. मधल्या डोंगरावरून लांबचा बारीक आवाज उचलायचा तर आडवीच बरी पडते, हे मी इथे महिनाभर ऐकून सांगते आहे, पुस्तकातून नाही. उभी चांगली जवळच्या गाड्यांसाठी. तुला लांबच्या बहिणीचं ऐकायचंय की जवळच्या गाड्यांचं, एवढाच प्रश्न आहे. शिवाय तुझी गच्ची आहे, शिडी आहे. माझा खांब म्हणजे पाण्याची जुनी लोखंडी नळी, तीन तारांनी ताणून धरलेली. वाऱ्यात तिच्यावर चढायचं म्हणजे कसरत आहे.

पाणी आज सकाळी आठ मीटर. बर्फ भराभर वितळतंय. माथ्यावरून एकदा वाहायला लागलं की घसरणीची माती टिकायची नाही. माती गेली की तुमच्याकडे पोचायला पाण्याला दोन तास लागतील. खात्याचं गणित तीन तासांचं आहे. खात्यात कुणी ही माती हातात घेऊन पाहिलेली नाही.

बाबांना फरशीवर झोपवू नकोस, तुझ्या घरी ने. हे मी सांगतेय म्हणून सांग. मानणार नाहीत, मला माहीत आहे. तू आडवी कर, म्हणजे मीच सांगते. चार दिवसांत जमलं नाही तर मी टँकरची वाट न बघता घसरणीवरून चालत खालच्या रस्त्यावर उतरते, तिथे फिरणारी गस्तीची गाडी पकडते आणि बाबांना हाताला धरून नेते. दगड दुपारी सरकतात, पहाटे थंडीनं थिजलेले असतात. जमेल.

झोपडीचं विचारू नकोस. झोपडी आहे.

टिटवी

*

६ मे

प्रिय भगिनीस,

तुझं पत्र काल मिळालं आणि आज सकाळी टँकर सुटायच्या आत हे लिहितो आहे, म्हणून अक्षर लागणार नाही. वार्ता मात्र मंगल आहे. बाबा आले.

काल सायंकाळी नित्याप्रमाणे आले ते परत गेलेच नाहीत. स्वतःची उशी, पायमोजे आणि चष्म्याची दोन्ही घरं घेऊनच आले होते. मागच्या खोलीत खिडकीपाशी त्यांची कॉट टाकली आहे. वारा येतो, ऊन येतं, नदी दिसते पण ऐकू येत नाही. रात्री जेवले, चवीनं जेवले. वहिनीच्या चहाची स्तुती केली. इतक्या वर्षांत प्रथमच "लेक म्हणते तर तथ्य असेल" असं उद्गारले. वार्धक्यात मनुष्य मृदू होतो असं ऐकून होतो, प्रत्यय आत्ता आला.

तेव्हा घसरणीवर पाऊल टाकायचं प्रयोजनच उरलेलं नाही. पहाटे, दुपारी, कधीच नाही. ऐकतेस ना? थिजलेल्या दगडांचा भरवसा फक्त भूगोलाच्या पुस्तकात देतात. तू जागेवर राहा, पाणी मोज, पाच वाजता आकडा दे. आकड्याला मोर्स पुरेसा आहे.

अँटेनाचं म्हणशील तर वादापुरतं बोलतो. माझी उभीच बरी. तुझ्या बाजूला खालच्या रस्त्यावर गस्तीच्या गाड्या फिरतात म्हणतेस, मग तुझीही उभी असती तर त्यांना तुझं थेट ऐकता आलं असतं. बाबांची काळजी मिटली आहे, आता त्या गाड्यांचा विचार कर. पण खांबावर वाऱ्यात चढू नकोस. म्हणजे चढलीस तर जपून चढ.

सर्व कुशल.

दादा

*

८ मे, सकाळ

टिटवे,

काल पाच वाजता तू नव्हतीस.

बारीक नव्हतीस असं नाही, नव्हतीसच. गादीत तोंड खुपसलेलीसुद्धा नव्हतीस, ठिपका नाही, रेघ नाही. साडेपाचपर्यंत हाका मारल्या. काय झालं? बॅटरी? तू स्वतः? का घसरण? इथले गस्तीवाले म्हणतात पाणी वाहिलेलं नाही, म्हणजे घसरण जागेवर आहे. मग तू?

मला एक कबूल करायचं आहे, आणि उपोद्घात सुचत नाही, म्हणून तसंच लिहितो. बाबा आलेले नाहीत. उशी, पायमोजे, चष्म्याची घरं, ती कॉट, सगळं मी रचलं. तू दगडांवरून चालत येणार म्हणालीस आणि मी कागद पुढे ओढला. परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोरांना मी नेहमी सांगतो, की उत्तर फार सुंदर असलं की पकडले जाता. तू मला पकडशील अशी निम्मी आशा होती.

बाबा काल पण चालत आले आणि चालत गेले. मी रेडिओ बंद केला तेव्हा म्हणाले, "आज टुकटुकपण नाही?" एवढंच. उतारावरून जाताना दोनदा थांबले. मी वरून बघत होतो.

मला वाटलं खोटं बोललोच आहे तर त्याचं प्रायश्चित्त गच्चीवर करावं. म्हणून काल दुपारी शिडी लावून माझी अँटेना आडवी केली. तुझ्यासारखी, काड्या जमिनीला समांतर. गस्तीवाल्यांना सांगितलं, दोन दिवस तुमचं ऐकणार नाही. वाटलं, पाच वाजता तुझा आवाज असा खणखणीत येईल, की बाबा खुर्चीवरून उठतील. मनातल्या मनात तुझी फजितीही योजून ठेवली होती. आणि नेमकी कालच तू गप्प.

पाणी किती आहे? हा एकच आकडा कसाही पाठव. आणि चालत येऊ नकोस. हे मी दुसऱ्यांदा लिहितोय, यावेळी खरं बोलून.

दादा

*

८ मे, दुपार

दादा,

दुधाचे कॅन खाली डेअरीत निघालेत, त्यांच्यासोबत ही चिठ्ठी देते. रिकामे कॅन संध्याकाळी वर येतात, तेव्हा तुझं काही असेल तर मिळेल.

काल तू का नव्हतास? पाच ते पावणेसहा बोलावत होते. तुझं घर वर आहे म्हणून मनाला समजावलं. दिवे गेले असतील, नाही तर वहिनीनं वायर ओढली असेल झाडताना.

तुझं पत्र वाचून परवा मी पहिल्यांदा नीट झोपले. बाबांनी वहिनीच्या चहाची स्तुती केली इथे जरा अडखळले होते. पण चांगल्या बातमीला कानस लावून बघायची ताकद नव्हती. बाबा तुझ्याकडे आहेत, म्हणजे माझा आवाज तिथे पोचायची घाई नाही. मग तुझं म्हणणं बरोबर, गाड्यांचा विचार करायला हवा. त्यांच्या टपावरच्या काठ्या उभ्या. म्हणून काल सकाळी वारा पडल्यावर नळीवर चढले आणि अँटेना उभी केली. तुझ्यासारखी. वाटलं, गाड्यांना ऐकू जाईल आणि तुलाही एकदम लख्ख येईल, आणि तू म्हणशील, बघ, मोठ्यांचं ऐकावं. म्हण आता. पण म्हणायला तरी ये.

इथल्या गाड्यांनी ऐकलं. तू ऐकलं नाहीस.

पाणी साडेचार मीटर. वाढ कमी होत नाही, वाढते आहे. आज पुन्हा पाचला.

टिटवी

*

१० मे, सकाळ

टिटवे,

टँकरवाला म्हणतो आज वरपर्यंत जाईन की नाही सांगता येत नाही. तरी लिहितो. पोचेल तेव्हा पोचेल.

परवा संध्याकाळी पुन्हा तू नव्हतीस. काल सकाळी तुझी चिठ्ठी हातात पडली, आणि मी जिन्यातच बसलो. पन्नास वर्षं आपल्या घरात हट्ट नित्य द्विवचनी. दोघांपैकी कुणी कधी पाऊल मागे घेतलं नाही. घेतलं ते दोघांनी एकाच दिवशी. मी तुझ्यासाठी आडवा झालो, तू माझ्यासाठी उभी झालीस, आणि पुन्हा पहिल्यासारखी फुली. पहिल्यासारखी म्हणजे त्याहून वाईट. उभ्या काड्यांच्या मधोमध, त्यांना समांतर लोखंडी नळी आली की ती नळी लहर खाते आणि तोंड भलतीकडे फिरवते; उभी लावायची तर लाकडावर लावावी. हे तुला सहा तारखेच्या पत्रात सांगायचं होतं. चष्म्याच्या घरांचं वर्णन करण्यात शाई गेली.

मग नवीन भीती. माझं खरं सांगणारं पत्र तुला परवा संध्याकाळी मिळालं असणार. म्हणजे तू आता बाबांसाठी घाईनं आडवी करणार. की वाऱ्यामुळे करता येणार नाही? मी तुझ्यासाठी उभी करावी, तर तू तिकडे आडवी. तशीच ठेवावी, तर तू अजून उभी. दारात दोन सभ्य माणसं "आधी तुम्ही" करत उभी राहावीत आणि मागे घर पेटलेलं असावं, तसं झालं. विचारायला वेळ नव्हता. गस्तीवाले दुपारी सांगून गेले होते की पाणी साडेतीन मीटरवर आलंय.

तेव्हा मी बरोबर असण्याचा नाद सोडला. अँटेना खांबावरून उतरवली. दांडीच्या मागच्या टोकाला वहिनीचं फरशी पुसायचं लाकडी दांडकं घट्ट बांधलं आणि ते गच्चीच्या कठड्यावर दोन विटांच्या खाचेत ठेवलं, असं की कुलपातल्या किल्लीसारखी सगळी अँटेना हातानं फिरवता यावी. तू उभी असशील, आडवी असशील, मी शोधत येईन. मी गच्चीवर, बाबा खाली रेडिओशी कानाला हेडफोन लावून, आणि वहिनी जिन्याच्या वळणावर, खालचं वर आणि वरचं खाली सांगायला.

पाच वाजले. आडवी धरली. वहिनी म्हणाली, काही नाही. दोन बोटं फिरवली. काही नाही. आणखी दोन बोटं. बाबांनी कपाळाला आठ्या घातल्यात, असं तिनं सांगितलं. मी म्हटलं, त्या कायमच्या आहेत. पाच वाजून चार मिनिटं झाली तरी तेच. मग निम्म्यावर आलो, ना उभी ना आडवी, आणि वहिनी अगदी हळू म्हणाली, "थांबा. हात आहे तिथेच ठेवा."

पुढचं मी ऐकलेलं नाही. तुझा आवाज आला, पण मला आला नाही. मी गच्चीवर दांडकं पोटाशी धरून उभा, आणि खाली साठ किलोमीटरवरून तू बाबांशी बोलते आहेस. वहिनी मात्र खाली धावली आणि बाबांच्या हेडफोनला एका बाजूनं कान लावून उभी राहिली, म्हणून पुढचं तिच्या तोंडचं आहे, आणि ती मीठमसाला लावत नाही.

तू आकडे सांगितलेस. साडेतीन मीटर, ताशी चार बोटं चढ, परवा दुपारपर्यंत माथा, मग दोन तास. बाबा ऐकत होते, पण चेहरा भोंगा ऐकल्यासारखाच. मान हलवून वहिनीला म्हणाले, आकडे तर तिलाही खात्यानंच दिले असतील. मग मध्येच तू थांबलीस. तुझं बोलायचं बटण दाबलेलंच होतं, कारण खरखर आली नाही. फक्त तुझा श्वास येत होता. तीनचार श्वास, वहिनी म्हणते, पळून आल्यासारखे. मग तू पुन्हा आकडे सांगायला लागलीस, तेच, पहिल्यापासून.

बाबा तोवर उठून उभे राहिले होते. तू आकडे संपवून बटण सोडलंस तसं त्यांनी वहिनीला विचारलं, बोलायचं बटण कुठलं, आणि परवाना नसलेल्या त्या गृहस्थांनी स्वतः बटण दाबलं. "ऐकलं गं. निघालो." एवढं बोलून कानाचे फोन काढून टेबलावर ठेवले. वहिनीला म्हणाले, "ही पोर पाच वर्षांची असताना लेथमध्ये फ्रॉक अडकला होता, तेव्हा घाबरली नाही. आज घाबरली आहे."

टिटवे, आकड्यांनी नाही उठले ते. तुझ्या श्वासानं उठले. मोर्समधून ते कधीच आलं नसतं.

अंधार पडायच्या आत त्यांना घेऊन आलो. उशी आणली, पायमोजे आणले नाहीत. चष्म्याचं घर त्यांच्याकडे एकच आहे असं कळलं. लेथचा चक, काम पकडणारं ते तोंड, तेवढा काढून घेतला, बारा किलो, आणि तो मी वाहिला. आता खिडकीपाशी बसून वहिनीच्या चहाला नावं ठेवतायत. हे खरं आहे, शपथेवर.

एका गोष्टीचं मात्र कौतुक करू दे. मी निम्म्यावर असताना तू लख्ख आलीस, म्हणजे तूही निम्म्यावर ठेवली होतीस. ना तुझं, ना माझं. माझा अंदाज ओळखून अर्धी वाट चालून आलीस. मी घरात सगळ्यांना सांगितलं, की लेक शेवटी तडजोड शिकली.

पण बाबांनी "निघालो" म्हटल्यावर तुझ्याकडून काही आलं नाही. मी तसाच सहापर्यंत उभा होतो. आज सकाळी सातला, आठला पुन्हा हाका मारल्या. गस्तीवाल्यांनाही तू ऐकू येत नाहीस. बॅटरी संपली असेल, असं मी वहिनीला सांगितलं. तिनं विचारलं, हे पण सजवलेलं का साधं.

एक ओळ पाठव.

दादा

*

१७ मे

ति. दादा,

तुझं दहा तारखेचं पत्र काल मिळालं. टँकरवाल्यानं ते सहा दिवस खिशात सांभाळलं, त्याला दुधाचा वास आहे. मी डेअरीवाल्या बाईंच्या घरी आहे. उजवा हात बांधला आहे म्हणून हे डाव्या हातानं, अक्षराला हसू नकोस. बारा तारखेचं मला गस्तीवाल्यांनी सांगितलं. गल्लीत चौकटीच्या वरपर्यंत पाणी होतं, लेथ गाळात आहे, माणूस एकही गेला नाही. बाबांना म्हणावं, चक आणलात ते बरं केलंत, बाकीचं लोखंड धुऊन निघतं.

तुझं कौतुक मला घेता येणार नाही. मी तडजोड केलेली नव्हती.

तू माझ्यापासून बाबा लपवलेस, तसं मीही तुझ्यापासून एक लपवलं होतं. झोपडीच्या मागे जमिनीला तडा गेला होता. महिन्याच्या सुरुवातीला बोटभर होता. रोज पाण्याबरोबर तोही मोजत होते, खात्याला कळवत होते. तुला कळवला असता तर तू चालत वर आला असतास. आपण एकाच घरातले. आठ तारखेला तो हातभर झाला.

नऊला चार वाजता तुझं पत्र खिशात घालून मी नळीवर चढले आणि अँटेना आडवी केली. पाणसळ लावून, अगदी सरळ आडवी. तुझ्या बाबतीत माझा हिशोब सोपा होता. तू आडवी केली आहेस असं लिहिलंस, आणि हललास तरी परत माझ्याकडेच येशील. आत येऊन पाचला हाक मारायला बसले. पहिला शब्द बोलायच्या आत मागून पोतं फाटल्यासारखा आवाज झाला. खिडकीतून पाहिलं तर नळी कलत होती. एक तार सैल पडून वाऱ्यावर हलत होती, दुसरी तटतटत होती. नळीबरोबर अँटेना कलत चालली होती, तुझ्याकडे तोंड करून, तशीच. तुला सापडले ती तिथे. निम्म्या वाटेवर मी आले नव्हते, पायाखालची जमीन आणत होती.

तेव्हाच बाहेर पडायला हवं होतं. पण ऐकणारं कुणी आहे का हेच कळत नव्हतं. मी ठरवलं, कुणाचा तरी शब्द परत येईपर्यंत आकडे सांगत राहायचं. बाबांनी ऐकला तो श्वास खरा आहे. फक्त पाण्यासाठी नव्हता. बोलता बोलता खांबाकडे बघत होते, आणि पुढचा आकडा कुठला ते आठवेना. त्यांना हे सांगू नकोस. मी पाण्याला घाबरले असंच वाटू दे.

डेअरीच्या वाटेवर पहिल्या वळणाला पडले, हात तिथे गेला. उठून मागे पाहिलं तर झोपडी जागेवर नव्हती. तू दांडकं आणखी दोन बोटं इकडे तिकडे धरलं असतंस, तर मी आतच साडेतीन मीटर, साडेतीन मीटर करत बसले असते.

पण बाबा "निघालो" म्हणाले, आणि मीही निघाले.

टिटवी